शारजाहून सोडलेलं पाणी

७ डिसेंबर, रविवार

अदनान आज शारजाला परत गेला. गाडीत बसेपर्यंत विहिरीच्या मोटारीचंच सांगत होता. "अब्बा, डब्यावर हिरवा दिवा लागला म्हणजे मी तिकडून चालू केलीय असं समजा. तुम्ही हात लावायचा नाही." मी मान हलवली. त्याची आई कुबरा रडत होती, आतिफा नुसतीच उभी होती. नवरा जाताना तिच्या डोळ्यांत पाणी दिसलं नाही, याचं मला थोडं वाईट वाटलं.

पूर्वी रजेवर आला की मुलगा झोपा काढायचा, मासे खायचा, आतिफाला दिवेआगरला फिरवून आणायचा. या वेळेस सगळी रजा वाडीत घालवली. विहिरीवरच्या मोटारीला सिमकार्डाचा डबा बसवला. चार खांब रोवून चार कॅमेरे लावले. सुपारीच्या रांगेत एक काटा जमिनीत खुपसला. ओल किती आहे ते तो काटा फोनवर सांगतो म्हणे. मलाही नवा फोन दिलाय. माझं बोट जाडं, एक दाबायला गेलो की दुसरंच उघडतं.

वाडी म्हणजे घरामागून समुद्राच्या बाजूला गेलेली चिंचोळी पट्टी. मागच्या मोठ्या वादळात तिच्यातली जवळजवळ सगळी सुपारी आडवी झाली होती. ही नवी झाडं अदनाननं आणि मी मिळून लावलेली. यंदा काहींना पहिली पोय, पहिला फुलोरा आलाय. उरलेली अजून कंबरेएवढी, पाण्याला हपापलेली.

लिहायला बसण्याचं कारण सांगून ठेवतो. वाडीत एकट्यानं बडबडायची मला सवय आहे. कुबरा म्हणाली, "आता जपून. कॅमेऱ्याला कानही आहेत." तेव्हा जे झाडांशी बोलायचो ते इथे लिहीन.

१९ डिसेंबर

आज विहिरीवर पाय धूत होतो आणि मोटार आपोआप सुरू झाली. मी दचकून मागे सरलो. डब्यावर हिरवा दिवा. झाडांच्या बुंध्यांशी नळ्यांतून थेंब थेंब पाणी पडायला लागलं. समुद्रापलीकडून माझा मुलगा शिंपण करतोय. खोटं कशाला बोलू, छाती भरून आली. माझ्या बापाचं अर्धं आयुष्य रहाटामागे गेलं. त्याला हे दाखवायला हवं होतं.

लगेच फोन. "अब्बा, घाबरलात ना? दिसलं मला." आणि हसला. खूप दिवसांनी तो असा हसला.

१३ जानेवारी, मंगळवार

अदनानचे आज चार फोन.

पहिला सकाळी अकराला. "अब्बा, तिसऱ्या रांगेतली केळ झुकलीय, टेकू द्या." दिला. मग, "टेकू बारीक आहे." मग, "तुम्ही उन्हात का उभे? टोपी कुठाय?" चौथ्या फोनला काही कामच नव्हतं. विचारत होता, जांभळीवर बसलाय तो पक्षी कुठला? मी म्हटलं धनेश. "बरं," म्हणाला, पण ठेवला नाही.

पूर्वी याला शुक्रवारशिवाय फोनला फुरसत नसायची. मालाच्या कोठारावर सुपरवायझर आहे. मध्येच फोन केला तर "अब्बा, गाडी लागलीय, नंतर," म्हणून ठेवायचा. आता मोठा साहेब झाला असेल, हाताखाली माणसं असतील. मुलाची बढती झाली की बापाची नोकरी सुरू होते हे मला माहीत नव्हतं.

२७ जानेवारी

गुडघे दुखतात. वाडीत पाऊल टाकलं की कॅमेऱ्यावर बारीक निळा दिवा लागतो. कुणी बघत असलं की तो लागतो, हे अदनाननंच सांगितलं होतं. मी जातो तेव्हा लागलेला असतो, बाहेर पडतो तेव्हाही लागलेला असतो. आता झाडाला टेकून दम खातानाही ओशाळल्यासारखं होतं. साठीनंतर माणसाला निदान थकायला तरी आडोसा हवा.

आतिफानं माळ्यावरचं शिवणयंत्र खाली काढून घेतलंय. आळीतल्या बायकांचे ब्लाउज, पोरींचे फ्रॉक शिवते. मी विचारलं, "कशाला गं जिवाला त्रास?" म्हणाली, "वेळ जात नाही, अब्बा." हल्लीच्या मुलींना घरात बसवत नाही. दिवसभर यंत्राची खडखड.

९ फेब्रुवारी, सोमवार

आज नको ते झालं.

नामा सुपारी पाडायला आला होता. इकडे आता असे चढणारे दोन-तीनच उरलेत, आणि वादळातून वाचलेल्या उंच झाडांवर चढणारा तर नामाच एक. तो शेंड्याला पोचला आणि खांबावरून अदनानचा आवाज आला, "नामा, डावीकडच्या झाडाचा घड राहिला बघ!"

त्या कॅमेऱ्यातून बोलताही येतं हे मलाही ठाऊक नव्हतं. नामाचा पाय सुटला. दोन्ही हातांनी झाड कवटाळून तो घसरत खाली आला, छाती-पोट सोललं. 

मग म्हणाला, "चाचा, ह्यो तिकडं बसून माझ्या मागं लागलाय काय? माझा बापूस पन तुमच्या झाडांवर चढला. कदी कुनी खालनं वरडलं न्हाय."

"चुकलं रे नामा. पोरगं आहे, हौस म्हणून बोललं."

"हौस व्हय? मानूस बघत असला की पाय थरथरतो माजा. हे डोळे हायत तोवर मी न्हाय येनार." दोर खांद्यावर टाकून निघून गेला. चहासुद्धा घेतला नाही.

फोनवर अदनान माफी मागत होता, पण माझा तोल गेला. "तू मुलगा आहेस की मुकादम? मी तुझा नोकर आहे काय? तुझ्या जन्माआधीपासून ही वाडी शिंपतोय मी. एकट्यानं. मला कुणी बघायला नको होतं."

 त्याच्या मागे कुणाचं तरी भांडं वाजत होतं. कोठारात भांडी कुठून आली कोण जाणे. मग "बरं अब्बा" म्हणून त्यानं फोन ठेवला.

१० फेब्रुवारी

सकाळी चारही कॅमेऱ्यांवर पोती बांधली. काटाही उपटला आणि वाडीतल्या खोपीत वळचणीला खोचून ठेवला. आता सांग म्हणावं शारजाला, जमीन कशी आहे ते. काटाच नाही तर तो मोटार कशाच्या जोरावर चालवणार? उद्यापासून शिंपण माझ्या हातानं. फजरची नमाज झाली की बटण दाबायचं, पूर्वीसारखं.

संध्याकाळी वाडीत बसलो, मोठ्यानं बोललो, खोकलो, झाडाला टेकलो. मोकळं वाटलं. फार वेळ नाही वाटलं.

२२ फेब्रुवारी

रोजे सुरू झालेत. फजरनंतर तासभर मोटार चालवतो. जोहरची नमाज पढून आडवा होतो तो असरपर्यंत उठवत नाही. पूर्वी रोज्यातही दिवसभर वाडीत असायचो. या वर्षी दुपारी अंगात काही उरत नाही.

अदनान मला फोन करत नाही. आईला करतो. कुबरा आज म्हणाली, "एका कॅमेऱ्याचं पोतं काढा. बघणार नाही म्हणाला. नुसता आवाज येऊ दे म्हणाला, पाखरांचा. पोत्यातून नीट ऐकू येत नाही."

"पाखरांचा आवाज ऐकून काय करणार तो?"

"मला काय ठाऊक," म्हणून ती आत गेली. इफ्तारला खजूर पुढे केले ते माझ्याकडे न बघताच.

मी पोतं काढलं नाही.

८ मार्च

विहिरीचं पाणी फार खाली गेलंय. होळीच्या सुमाराला एवढा तळ कधी दिसत नाही. शेजारच्या जागेत पर्यटकांसाठी खोल्या बांधल्यात, त्यांनी बोअर मारलीय. तिनंच ओढून घेतलं असणार. जाऊन चार शब्द सुनावून आलो. तिथला मॅनेजर चांगला माणूस, मला बसायला खुर्ची दिली, रोजा आहे म्हटल्यावर पाण्याचा पेला परत नेला. म्हणाला, "चाचा, आमची बोअर जानेवारीतच आटली. आम्ही टँकर मागवतो." मी विश्वास ठेवला नाही.

झाडांच्या बुंध्यांशी झावळ्यांचं आच्छादन आहे. आज सहज हात घातला तर खाली चांगली ओल. म्हटलं, बघ, तासाभराच्या पाण्यात कशी ओल धरलीय. मशीनला काय कळतं.

२१ मार्च

ईद. नमाजेला गर्दी होती. आखातात गेलेली आळीतली बरीच मुलं आली होती. अदनान आला नाही. व्हिडिओ फोनवर सलाम केला. दाढी वाढलेली, नव्या कपड्यांच्या घड्या तशाच, मागे भिंतीला लागून दोन मजली खाटा. "मित्राच्या खोलीवर आलोय," म्हणाला. मी "ईद मुबारक" म्हटलं.   मग आतिफा फोन घेऊन आत गेली.

शिरखुर्मा गोड लागला नाही. कुबरा म्हणाली, साखर नेहमीएवढीच आहे.

३० मार्च

पाणी मचूळ झालंय.

सकाळी विहिरीवर चूळ भरली आणि जिभेला खार लागला. पुन्हा भरली. खारच. आतिफाला बोलावून चाखायला लावलं. तिनं तोंड वाकडं केलं आणि माझ्याकडे बघत राहिली.

समुद्र इथून हाकेवर आहे. गोडं पाणी उपसून उपसून विहीर रिकामी केली की तो खालून आत येतो. माझा बाप सांगायचा, उन्हाळ्यात विहिरीला दम घेऊ द्यावा. मी देत होतो. दिवसाला एक तास, त्याच्यापेक्षा जास्त नाही. मग ही अशी कशी उपसली?

कोवळ्या झाडांची पानं टोकांकडून करपायला लागलीत. मला वाटत होतं ऊन. ऊन नव्हतं ते.

३१ मार्च, मंगळवार

आज जोहरनंतर झोपलो नाही. विहिरीच्या काठावर जाऊन बसलो. खोल्यावाल्यांची बोअर खरंच चालते का, ते कान देऊन ऐकायचं होतं.

दोन वाजले आणि माझीच मोटार सुरू झाली.

हिरवा दिवा. नळ्या फुगल्या.  मोटार तासभर चालली आणि आपोआप बंद झाली. मी झोपलेला असताना हे रोज चालत होतं. मी सकाळी पाजलेल्या झाडांना तो दुपारी पुन्हा पाजत होता.

त्याला फोन लावला. भांडणानंतर पहिल्यांदा मी लावला. पहिल्या रिंगला उचलला.

"अदनान, मोटार तू चालवतोस?"

"हो अब्बा." आवाज एवढासा. "काटा रोज सांगत होता, जमीन पार कोरडी. तुम्ही रागावला होता म्हणून विचारलं नाही. वाटलं, रोजे आहेत, तुम्हाला झेपत नसेल. तेवढं तरी आपण करावं."

काटा खोपीत होता. कौलाखालच्या सुक्या हवेत. तो खरंच सांगत होता, कोरडं आहे म्हणून.

मी त्याला सगळं सांगितलं. पोती, काटा, सकाळचं बटण, मचूळ पाणी. तो ऐकत होता. शेवटी म्हणाला, "म्हणजे मीच मारली झाडं."

"दोघांनी मारली," मी म्हणालो. 

३ एप्रिल, शुक्रवार

जुम्म्याहून आलो तर आतिफा यंत्रावर होती. मनातलं तिच्याजवळ बोललो. म्हटलं, "एक कळत नाही. भर दुपारी, कामाच्या वेळेला रोज मोटार चालवायला त्याला सवड कशी मिळते? साहेब काही बोलत नाहीत?"

तिचा पाय थांबला. कापड तसंच सुईखाली.

"अब्बा, यांचं काम दिवाळीच्या आधीच सुटलं. कंपनीच बंद झाली."

"दिवाळीच्या? तो तर त्यानंतर रजेवर आला होता."

"रजा नव्हती ती. काम शोधायला परत गेले. मला कसम घातली होती, अब्बांना सांगायचं नाही." ती रडत नव्हती. नीट, सावकाश बोलत होती, जणू रोज मनात घोकून ठेवलेलं. "सकाळी दोन-चार ठिकाणी विचारून येतात. मग मित्राच्या खोलीत असतात. बाकीचे कामावर गेले की एकटेच. दिवसभर फोनवर वाडी बघत बसायचे. मला म्हणाले, आता तेवढंच एक काम हातात राहिलंय."

आणि त्यावर मी पोती बांधली.

कुबरा दारात उभी होती. हातात सुपारीची परडी. ती दचकली नाही. तिला नीट ऐकू आलं नसावं. मी सांगायला गेलो तर म्हणाली, "आधी जेवून घ्या."

५ एप्रिल, रविवार

दोन दिवस विचार केला. त्याला सांगावं का, की मला कळलंय? सांगितलं तर आतिफानं कसम मोडल्याचं उघड होईल, आणि त्याची मान खाली जाईल. हे सगळं त्यानं माझ्यापासून लपवलं ते मान राहावी म्हणूनच ना. माझी ठेवायची होती की स्वतःची, ते त्याचं त्याला माहीत.

सकाळी शिडी लावून पोती काढली. चारही. तिसऱ्या खांबावर चढताना चक्कर आली, खाली बसलो. तेवढ्यात पहिल्या खांबावर निळा दिवा लागला.

फोन खिशात होता, पण काढला नाही. त्या खांबापुढे जाऊन उभा राहिलो. खांबाशी बोलायला सोपं जातं, तोंड दिसत नाही.

"अदनान, ऐकू येतंय?"

"हो, अब्बा." आवाज वरून आला.

"माझ्याच्यानं आता होत नाही."

मी खांबाचा आधार घेतला.

"एकट्यानं शिंपतो म्हणून मी तुला बोललो होतो. ते आता जमत नाही. गुडघे गेले. दुपारी झोप लागते ती लागतेच. विहीर बिघडली ती मला एवढे दिवस कळली नाही, आणि शेजाऱ्याशी भांडून आलो. नामा येत नाही. तुझी नोकरी चांगली आहे, सोड म्हणायला जीभ रेटत नाही. पण मला माणूस हवाय इथे. फोनवरचा नको. तू ये."

ठरवून गेलो होतो की एवढं खोटं बोलायचं, म्हणजे त्याला यायला वाट होईल. बोलता बोलता लक्षात आलं, यातलं नोकरीचं तेवढं खोटं. बाकी सगळं खरं निघालं. तिथेच खांबाशी बसलो.

 मग तो म्हणाला, "अब्बा, खारं पाणी झालेल्या वाडीत मी येऊन करणार काय?"

"मलाही माहीत नाही. दोघं मिळून बघू."

"लोक काय म्हणतील? आखातातून परत आला म्हणतील."

"म्हणतील, बाप म्हातारा झाला म्हणून आला. म्हणू देत. ते खरंच आहे."

वरून नुसती खरखर आली. मला वाटतं तो रडत होता. कॅमेऱ्यातून हसणं येतं तसं रडणंही येत असेल, पण मला नीट ओळखता आलं नाही.

१२ एप्रिल

मोटार बंद ठेवलीय. अदनान यायला हो म्हणाला. नामाच्या घरी जाऊन आलो. अदनान कायमचा येतोय म्हटलं. नामा म्हणाला, "खाली हुबा ऱ्हाऊन बोलू दे की काय बोलायचं ते. मग कशाला भ्यायचं?" त्याच्या आळीतल्या विहिरीचं पाणी अजून गोडं आहे. तिथून सकाळी थोडं आणतो, कोवळ्या झाडांना तांब्या-तांब्यानं घालतो. सगळ्यांना पुरत नाही. कुणाला घालायचं आणि कुणाला नाही, हे ठरवताना हात जड होतो.

२९ एप्रिल, बुधवार

अदनान काल आला. एकच बॅग. कुबरानं विचारलं नाही सामान एवढंच का म्हणून. मीही विचारलं नाही.

आज उशिरापर्यंत झोपला होता. आतिफा उठवायला निघाली, मी म्हटलं, राहू दे. तिनं आज यंत्र उघडलं नव्हतं.

मी एकटाच कुदळ घेऊन वाडीत गेलो आणि अगदीच वाळलेली झाडं उपटायला लागलो. ती सहज निघत होती, मुळांनी काही धरूनच ठेवलं नव्हतं. मागे पावलं वाजली. अनवाणी आला होता, तोंडसुद्धा धुतलं नव्हतं. उपटलेल्या झाडांकडे बघत राहिला. ही त्यानं लावली तेव्हा त्याचं लग्नही झालं नव्हतं.

मग माझ्या हातातली कुदळ घेतली. मी दिली. पूर्वी दिली नसती.

दोन-तीन झाडांची आळी साफ केल्यावर तो एका झाडाशी थांबला. पानं अर्धी करपलेली, मधला कोंब तेवढा हिरवट.

"अब्बा, हे जगेल?"

"आत्ता सांगता येत नाही. पावसाचं पाणी प्यायली की विहीर सुधारेल. गणपतीपर्यंत नवं पान फुटलं तर जगलं म्हणायचं."

त्यानं खाली बसून आळ्यातली माती हातानं सारखी केली.

"गणपतीपर्यंत मी आहे," म्हणाला. थोड्या वेळानं म्हणाला, "त्यानंतरही आहे."

मी सावलीत जाऊन झाडाला टेकलो आणि डोळे मिटले. तो खणत होता.